तिरफळाचं पाणी

माहेरी डुक्कर हा शब्द कानावर यायचा तो शिवी म्हणूनच. कुणी अंघोळ न करता पानावर बसलं की आजी तो वापरायची. दशावतारांत तोच प्राणी तिसरा, पण तिथे त्याला वराह म्हणायचं आणि हात जोडायचे. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यापासून आंबील ओढा फार लांब नव्हता. ओढ्याच्या कडेने डुकरं फिरायची, ती पाळणारी माणसं पलीकडच्या वस्तीत राहायची, आणि त्या वस्तीचं नाव घेताना घरातल्या मोठ्यांचा आवाज जसा बदलायचा तसाच डुकराचं नाव घेतानाही बदलायचा. किळस जनावराची होती की माणसांची, हे तेव्हा मला कळत नव्हतं. आज पन्नाशी ओलांडल्यावर वाटतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. जात ताटातून शिकवली जाते. मलाही ती तशीच शिकवली गेली.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढे लिहिणार आहे ते पोर्कच्या स्लायडर्सबद्दल आणि त्यात मला आलेल्या आनंदाबद्दल. तो आनंद कुठून चालत आलाय ते झाकून ठेवावंसं वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात लेकीने कुठूनशी एक पाककृती आणली. 'एशियन-इन्स्पायर्ड पोर्क स्लायडर्स'. स्लायडर म्हणजे तळहातात मावेल एवढा बर्गर. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी १९२१ साली व्हाइट कॅसल नावाचं दुकान निघालं, तिथे पाच सेंटला एक असे छोटे बर्गर विकले जात. पुढे त्यांची पद्धतच होऊन गेली: तव्यावर कांद्याचा थर, त्यावर मांसाची चकती, तिच्यावर पाव, आणि कांद्याच्या वाफेवर सगळं एकत्र शिजू द्यायचं. वडापाव खाऊन मोठ्या झालेल्या माणसाला या आकाराचं नवल वाटत नाही. मी अडखळले ती दुसऱ्याच शब्दापाशी. एशियन. आशिया खंडात पुणेही येतं. पण त्या कागदावरच्या आशियात आम्ही नव्हतो. त्यात होता होइसिन सॉस, राइस व्हिनेगर, भाजक्या तिळाचं तेल आणि फाइव्ह स्पाइस. लेक म्हणाली, "आई, हे सगळं औंधला त्या इम्पोर्टेड मालाच्या दुकानात मिळतं." मिळतं खरं. एक बाटली आणलीही. तिच्या किमतीत महिन्याचा चहा झाला असता आणि तिची चव बाटलीचीच लागली.

मग मी फाइव्ह स्पाइस म्हणजे नेमकं काय ते वाचलं. चक्रीफूल, लवंग, दालचिनी, बडीशेप आणि सिच्वान मिरी. पहिली तीन नावं वाचली आणि मी थेट माझ्या आईच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले. दर मार्चमध्ये आमच्याकडे गोडा मसाला व्हायचा. त्यात चक्रीफूल असायचंच, आई त्याला बाद्यान म्हणायची. लवंग, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल, नागकेसर, शहाजिरं, मग तीळ, सुकं खोबरं आणि सगळ्यांत जास्त धणे. वाड्यात ज्या दिवशी मसाला कुटला जायचा त्या दिवशी जिन्यापासून वास सुरू व्हायचा. त्या वासाच्या मुळाशी असलेलं चक्रीफूल चीन आणि व्हिएतनामच्या बाजूचं झाड देतं. म्हणजे ज्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं तिथल्या आमटीत पिढ्यान्‌पिढ्या चीनच्या बाजूचा एक मसाला पडत होता आणि त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

राहिली सिच्वान मिरी. तिचं चित्र पाहिलं आणि हसूच आलं, कारण ही गोष्ट माझ्या ओट्याच्या वरच्या फळीवर, पितळी झाकणाच्या काचेच्या बरणीत, गेली सव्वीस वर्षं आहे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून. सासर मूळचं वेंगुर्ल्याचं. सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, त्या दरवर्षी गावाहून तिरफळं मागवतात. खोडावर काट्यांची बोंडं असलेलं उंच झाड, पावसाळ्याच्या शेवटी लागणारे हिरवे घोस, वाळली की तोंड उघडून बसणारी टरफलं आणि आत काळीभोर चकचकीत बी. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ नसेल तर आमच्या आई ताट पुढे सरकवतात. सिच्वान मिरी आणि तिरफळ एका झाडाची फळं नाहीत, पण एकाच कुळीची आहेत, सख्ख्या चुलत बहिणी. दोघींचं घराणं लिंबा-संत्र्याचं. म्हणून दोघींना तो आंबूस, सालीसारखा वास. आणि दोघींनी जीभ बधिरते, झिणझिणते. त्या झिणझिणण्याला कारण सानशूल नावाचं द्रव्य. २०१३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी माणसांच्या ओठांवर सिच्वान मिरी लावून ते झिणझिणणं मोजलं, तर ते सेकंदाला सुमारे ५० कंपनांसारखं भरलं. म्हणजे चव नव्हेच ती, स्पर्श आहे. हे मी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मोजूक कित्याक होया? जीभ सांगता मगे."

मी खलबत्ता काढून तिरफळं कुटायला घेतली तशा त्या उठून आत आल्या. वय ७८, गुडघे दुखतात, पण तिरफळाचा आवाज त्यांना हॉलमधून ओळखू येतो.

"बियो काढल्यास काय गो?"

काढल्या नव्हत्या.

"बी दाताखाली इली की रेती लागता. आणि तिरफळ वाटूचा नसता. वाटलास तर कडू जाता. चेचूचा, आणि पाण्यात टाकूचा. ता पाणी घालूचा."

त्यांनी माझ्या हातातून खल घेतला, टरफलं नखाने उघडून बिया काढल्या, चार-सहा ठोक्यांत टरफलं नुसती दुखवली आणि वाटीभर कोमट पाण्यात सोडली. पाण्याला दहा मिनिटांत वास धरला. आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट सांगते. उत्तर चीनमध्ये डंपलिंगचं सारण करताना नेमकं हेच करतात. सिच्वान मिरीची बी टाकून देतात कारण ती कचकचते, टरफलं पाण्यात भिजवतात, आणि ते गार झालेलं पाणी थोडं थोडं करून डुकराच्या खिम्यात जिरवतात. खिमा रसाळ राहतो आणि मिरीचा कण तोंडात येत नाही. वेंगुर्ल्याच्या आणि तिकडच्या बायकांची कधी गाठ पडली असेल असं नाही. पण एका कुळीच्या फळाने दोन्हीकडच्या हातांना एकच रीत शिकवली. त्या वाटीकडे मी कितीतरी वेळ बघत उभी होते.

आईंना पोर्क चालत नाही. मासे, कोंबडी, बकरं सगळं चालतं, हे नाही. त्यांनी अट घातली: तवा वेगळा. मी बिडाचा एक जुना तवा त्यासाठी काढून ठेवला, तो गॅलरीत राहतो. अट मला अन्यायाची वाटली नाही. त्यांच्या घरात त्यांनी मला स्वयंपाक करू दिला, मदतीला आल्या, आणि स्वतःच्या जिभेपुरती रेघ ओढली. एवढं मोकळेपण मला माझ्या माहेरी मिळालं नसतं.

मांस आणायला मी लष्करात जाते. जुने पुणेकर अजून कॅम्पाला लष्करच म्हणतात. १८१७ ला खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली आणि इंग्रजांनी छावणी बसवली, तेव्हापासून गाव आणि लष्कर ही दोन पुणी. माझ्या लहानपणी तर लष्करात जाणं म्हणजे परगावी जाणं. आता कर्वेनगरहून निघालं की म्हात्रे पूल, दांडेकर पूल, स्वारगेट, गोळीबार मैदान, की आलं. पण पोर्क काही छावणीबरोबर पुण्यात आलं असं नाही. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ सालचं. त्याला जागा दिली सवाई माधवराव पेशव्यांनी, कारण त्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोव्याकडचे ख्रिस्ती होते. हे लोक शनिवारवाड्यापासून फार लांब राहत नव्हते आणि नाताळला काय शिजवत असतील ते सांगायला नको. मला पोर्कची पहिली चव दिली ती नाना पेठेतल्याच एका गोवेकर घराने. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आईने नाताळनंतर तिसऱ्या दिवशी सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, वाढलं आणि म्हणाली, "आज बरं लागेल, मुरलंय." पहिला घास घेताना माझा हात थरथरत होता. दुसरा घेताना नाही.

लष्करातलं माझं दुकान एक साधं कोल्ड स्टोरेज आहे. काउंटरमागचे अंकल मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी सगळं एकाच वाक्यात बोलतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी ठसक्यात सांगितलं, "अर्धा किलो खिमा, चरबी अजिबात नको." त्यांनी वर पाहिलं. "मॅडम, कशाला पाहिजे?" पॅटिस करायच्या आहेत म्हटल्यावर म्हणाले, "मग चरबी पाहिजे. नायतर चप्पल होईल." मी ऐकलं नाही. चकत्या आक्रसून चिंचोक्यासारख्या टणक झाल्या. पुढच्या शनिवारी मी काउंटरवर जाऊन आधी ते कबूल केलं. त्यांनी खांद्याचा तुकडा काढला, वर पोटाकडची थोडी चरबी घेतली, म्हणाले, "पाऊण मांस, पाव चरबी," आणि माझ्यासमोर यंत्रातून एकदाच काढून दिलं. एकदाच, कारण दोनदा काढलं तर पेस्ट होते.

खिम्याचं काम मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. खिमा गार हवा. फ्रीजमधून काढून लगेच भांड्यात घ्यायचा. त्यात किसलेलं आलं, ठेचलेला लसूण, कांद्याची पात बारीक चिरून, दोन चमचे सोया सॉस, आणि चक्रीफूल-लवंग-दालचिनी-बडीशेपेची पूड चहाच्या एका चमच्याने. मीठ बेताने, सोया खारट असतो. मग हाताची बोटं फाकवून एकाच दिशेने फिरवायचं. एकाच दिशेने, हे जुन्या चिनी स्वयंपाकातलं सांगणं. दिशेला किती महत्त्व आहे हे मी सांगू शकत नाही, पण फिरवण्याला फार आहे. मिठामुळे मांसातलं प्रथिन सुटतं, फिरवल्याने ते एकमेकांना धरतं, आणि तीन-चार मिनिटांत खिमा भांड्याच्या कडा सोडून हाताला चिकटायला लागतो. पुरणाला जशी एक वेळ येते, पळी उभी राहते, तशी यालाही वेळ येते आणि ती हाताला कळते. त्या वेळेला तिरफळाचं गाळलेलं, गार झालेलं पाणी चमचा चमचा घालायचं. अर्ध्या किलोला चार-पाच चमचे सहज पितो. पाणी पूर्ण जिरलं की झाकून अर्धा तास परत फ्रीजमध्ये.

होइसिनचा प्रश्न काकवीने सोडवला. होइसिन या शब्दाचा अर्थ समुद्रातलं अन्न, पण त्या सॉसमध्ये मासा नसतो की कोळंबी; असतो आंबवलेला सोयाबीन, साखर, लसूण, व्हिनेगर आणि मसाले. मी कोल्हापूरची काकवी तीन चमचे, सोया दोन, तीळ खमंग भाजून कुटलेले एक चमचा, लसूण, लाल तिखट, आणि माडाच्या व्हिनेगरचे थोडे थेंब असं एकत्र मंद आचेवर आटवलं. होइसिन नाही हे. पण चमच्याला धरतं, चकतीवर लावलं की चकाकतं, आणि कडेला जिथे जळतं तिथे गुळाच्या पोळीच्या करपलेल्या टोकाची आठवण येते. भाजलेल्या तिळाचं तेल आणायची गरज पडली नाही. घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं असतं, त्याला तो वास नाही. वास भाजण्यात आहे, आणि भाजणं तर आपल्या हातात आहे.

आता पाव. अमेरिकेत स्लायडर करायला बहुतेक जण हवाइयन रोल घेतात: एकमेकांना चिकटलेले, मऊ, किंचित गोड छोटे पाव, सगळी लादीच्या लादी आडवी कापायची, आत भरायचं आणि मग सुटे करायचे. चित्र पाहून लेक म्हणाली, "ही तर आपली लादी!" तिचं म्हणणं दिसतं त्यापेक्षा खोल खरं आहे. १८७८ पासून मदेरा बेटावरचे पोर्तुगीज उसाच्या मळ्यांत राबायला हवाईत जाऊ लागले. जाताना आपला गोड पाव घेऊन गेले. १९५० साली तिथल्या हिलो गावात जपानी वंशाच्या रॉबर्ट तायरा यांनी बेकरी काढली आणि त्या पावावरून पुढे तो रोल घराघरांत गेला. आणि आपला पाव? तोही पोर्तुगीजांनीच गोव्यात आणला, शब्दासकट. पाव किलोचा पाव आणि खायचा पाव यांचा संबंध जोडणारे खूप भेटतात, पण खायच्या पावाचं मूळ पोर्तुगीज 'पांव' हेच. म्हणजे एकाच आईची दोन लेकरं, एक पॅसिफिकमध्ये वाढलं आणि एक अरबी समुद्राच्या काठाने चढत आमच्या कर्वेनगरच्या बेकरीपर्यंत आलं. संध्याकाळी पाचला तिथे दुसरी भट्टी निघते. मी दोन लाद्या गरम असतानाच घेते, पण कापते गार झाल्यावर. गरम लादी कापली की आतला गर गोळा होतो.

तवा चांगला तापवायचा, आच मध्यम करायची. साधारण चाळीस ग्रॅमचा गोळा पावापेक्षा थोडा मोठा थापायचा कारण तो आक्रसतो, मध्ये अंगठ्याने खळगा करायचा. एका बाजूने तीन मिनिटं, उलटून काकवीचं ते लावायचं, मग कांद्याच्या चकत्या तव्यावर बाजूला टाकून त्यांवर या चकत्या चढवायच्या, वर पाव पालथा ठेवायचा आणि झाकण. दोन मिनिटांत पाव वाफेने लुसलुशीत होतो. उरलेला अर्धा पाव तव्यावर सुटलेल्या चरबीत भाजायचा. तो आवाज आणि तो वास मला शब्दांत धरता येत नाही. पहिल्या नीट जमलेल्या शनिवारी आई हॉलमधून म्हणाल्या, "वास तर तुझ्या गोड्या मसाल्याचो येता."

वर काय घालायचं यावर मी सगळ्यांत जास्त दिवस घालवले. कागदावर होतं कोबी-गाजराचं स्लॉ, म्हणजे तिकडची कच्ची कोशिंबीर. बरं लागलं, बास. मग वाचनात तैवानचा ग्वा बाव आला. वाफवलेला, शिंपल्यासारखा दुमडलेला पाव, आत सोया आणि मसाल्यांत शिजवलेलं डुकराच्या पोटाकडचं मांस, खारवलेली मोहरीची पानं, कोथिंबीर, आणि वरून साखर घातलेलं शेंगदाण्याचं कूट. तिकडे त्याला 'वाघाच्या तोंडी डुक्कर' असंही म्हणतात, कारण पाव जबड्यासारखा दिसतो. साखर घातलेलं दाण्याचं कूट आणि कोथिंबीर! हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि काकडी चोचवायला घेतली. खमंग काकडी. माझ्या आईची उपासाची खमंग काकडी: चोचवलेली काकडी थोडी पिळून, दाण्याचं कूट, साखर, मीठ, लिंबू, कोथिंबीर, वर तुपाची जिरं-मिरचीची फोडणी. स्लायडरवर घालताना फोडणी मी वगळते, पाणी जास्त पिळते आणि कूट थोडं जाडसर ठेवते. चकतीची चरबी, काकवीचा चिकट गोडवा आणि त्यावर ही गार, आंबट, दाताखाली खुसखुशणारी काकडी. एकादशीच्या ताटातला पदार्थ पोर्कवर घातला म्हणून कुणी दुखावेल, हे मला ठाऊक आहे. माझ्या मनात त्या काकडीबद्दल आदरच आहे. तिला मी दुसऱ्या कशाच्या जागी बसवलेलं नाही, तिच्याच जागी बसवलंय.

कोबी मात्र घरात एक भीती घेऊन आला, आणि तिच्याबद्दल थोडं नीट लिहायला हवं. 'डुकराचं खाल्लं की डोक्यात जंत होतात' आणि 'कच्चा कोबी खाल्ला की अळी मेंदूत जाते' ही दोन्ही वाक्यं आपल्याकडे घरोघरी ऐकू येतात. दोन्ही भीतींच्या मुळाशी एकच किडा आहे, टीनिया सोलियम नावाचा टेपवर्म. त्याच्या अळ्या असलेलं डुकराचं मांस कच्चं राहिलं आणि खाल्लं, तर आतड्यात जंत होतो. मेंदूत जाऊन फिट आणणारा आजार मात्र होतो तो त्या जंताची अंडी पोटात गेल्याने. ही अंडी येतात ज्याच्या आतड्यात जंत आहे त्या माणसाच्या विष्ठेतून: न धुतलेल्या हातांतून, घाण पाण्यातून, त्या पाण्यावर वाढलेल्या भाजीतून. म्हणून आयुष्यात कधीही पोर्क न खाल्लेल्या शाकाहारी माणसालाही तो होऊ शकतो. कोबीतली हिरवी अळी बिचारी निर्दोष आहे. करायचं ते सोपं आहे: मांस ओळखीच्या, स्वच्छ दुकानातून घ्यायचं, खिमा आत गुलाबी राहू द्यायचा नाही, थर्मामीटर असेल तर मधोमध ७१ अंश सेल्सिअस, कच्चं जे खायचं ते वाहत्या पाण्याखाली नीट धुवायचं, आणि हात धुवायचे. मला या माहितीने एका अर्थी हलकं केलं. जी वस्ती आम्ही घाणेरडी म्हणायचो तिथे खरा अपराधी होता तो नळ आणि संडास न देणारा. जनावर नव्हे, आणि ते खाणारा तर नव्हेच.

ऑगस्टातल्या एका शनिवारी लेक कॉलेजातल्या मैत्रिणीला घेऊन आली. मैत्रीण आयझॉलची, मिझोरामची. पुण्यात तिसरं वर्ष. दाराशीच तिने मान वर करून वास घेतला आणि हिंदीत म्हणाली, "आंटी, पोर्क?" तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. मिझोराममध्ये पोर्क म्हणजे रोजचं, सणाचं, लग्नाचं, दुःखाचं जेवण. चुलीवर टांगून धुरावलेल्या मांसाला ते वोक्सा रेप म्हणतात. आणि ही मुलगी तीन वर्षांत पुण्यात एकदाही स्वतःच्या हाताने पोर्क शिजवू शकली नव्हती. खोली देतानाच घरमालकांनी सांगितलं होतं, वासाचं काही शिजवायचं नाही. एकदा तिने घरून आलेलं बेकांग, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, झाकण घट्ट लावून नुसतं गरम केलं तर शेजारून तक्रार आली. हे सांगताना तिचा सूर तक्रारीचा नव्हता, सवय झाल्याचा होता. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. आपल्या सुकटीचा वास आपल्याला घर वाटतो, आणि दुसऱ्याच्या घराचा वास आपण खिडकीतून तक्रार करण्याजोगा मानतो.

तिने सुरी मागितली, कांद्याची पात चिरली. गप्पांत कळलं की तिच्या मावशीचा डुकरांचा गोठा रिकामा आहे. २०२१ च्या मार्चपासून मिझोराममध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला, हजारो डुकरं मेली, हजारो मारावी लागली. माणसाला तो रोग होत नाही, पण ज्या घराची शिल्लक गोठ्यात असते त्याला तो बसवतो. मावशीने कॉलेजची फी याच गोठ्यातून भरायची ठरवलं होतं.

ओट्यावर तिरफळाची वाटी होती. तिने एक टरफल उचललं, नाकाशी नेलं, दाताने चिमटलं आणि ओरडलीच, "चिंगित!" त्यांच्याकडे हे झाड जंगलात असतं, कोवळी पानं भाजीत घालतात. लेकीने लगेच शोधून पाहिलं. कोकणातल्या तिरफळाचं शास्त्रीय नाव आणि चिंगितचं शास्त्रीय नाव एकच निघालं. इथे चुलत बहीण नव्हे, तेच झाड. वेंगुर्ल्यापासून आयझॉलपर्यंत देशाची अख्खी रुंदी मध्ये, आणि दोन्ही टोकांना खोडावर काटे असलेलं तेच झाड. आई आत आल्या. त्यांना हिंदी जेमतेम येतं, तिला मराठी थोडं थोडं. आईंनी विचारलं, "तुमच्याकडे पाना खातत? पानांक वास येता?" लेकीने दुभाष्याचं काम केलं. कोकणात पानं कुणी खात नाही, निदान आईंनी खाल्लेली नाहीत. पुढची वीस मिनिटं दोघी ओट्याशी बसून तिरफळाच्या बिया काढत होत्या. आई तिला नख कसं घालायचं ते दाखवत होत्या आणि ती नावं विचारत होती. मधेच आईंनी वेंगुर्ल्याच्या शेजारच्या ख्रिस्ती घराची गोष्ट काढली. त्यांच्याकडे डुकरं होती, नाताळला ताट यायचं, ताटात नेवऱ्या आणि दोदोल, दोन्ही गोडाचे. आईंची आई ताट घ्यायची, पण पोरांना म्हणायची, आधी देवापुढे नको. दोदोल म्हटल्यावर मी सांगितलं की हाच पदार्थ याच नावाने मलेशिया-इंडोनेशियात होतो. आई म्हणाल्या, "जहाजांतून माणसा येयत तशी खाणी पण येयत. आमच्या बंदरात कायतरी उतरायचाच."

त्या दिवशी बारा स्लायडर्स झाले. मैत्रिणीने चार खाल्ले, पाचवा अर्धा करून लेकीला दिला. काकडी तिला फार आवडली, काकवी थोडी जास्त वाटली. "पुढच्या वेळी एक चमचा कमी, आंटी, आणि थोडं बेकांग घाला," असं तिने मोकळेपणाने सांगितलं आणि तिचं बरोबर होतं. काकवीच्या गोडाखाली काहीतरी खोल, आंबवलेलं हवंच होतं. तिने पाठवलेलं चमचाभर बेकांग मी पुढच्या शनिवारी सॉसमध्ये परतून घातलं. वास उग्र आहे. खिडक्या मी उघड्याच ठेवल्या.

आईंनी त्या दिवशी भाजलेला पाव घेतला, वेगळ्या तव्यावर लोण्यात भाजलेला, त्यात काकडी घातली आणि खाल्ला. पोर्क त्यांनी खाल्लं नाही, आणि खातील असं मला वाटत नाही. बिडाचा तवा अजून गॅलरीत असतो. पावसाळी हवेत त्याला गंज चढतो, म्हणून वापरून झाला की मी त्याला गरम असतानाच तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळते.

मैत्रीण डिसेंबरात नाताळला घरी जाईल. जाताना नेण्यासाठी आईंनी तिरफळांची एक पुरचुंडी बांधून ठेवली आहे, बिया काढून, सुती कापडात. तिच्या आईला दाखवायला.